एका ओळीचा विनोद नाटकात उपरा नाही

एका ओळीचे विनोद नाटकात ठिगळासारखे दिसतात, असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यात जत्रेला देवळासमोर मराठी नाटक होतं, तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं ते असंच एखादं सुटसुटीत वाक्य. फक्त कळीचा शब्द शेवटी हवा. 'सासूबाई काशीला गेल्या आणि पुण्य मिळालं मला!' यातला 'मला' आधी आणून बघा, हशा गेलाच. आणि हशा ओसरू लागेपर्यंत पुढचं वाक्य घ्यायचं नाही. हौशी नट नेमके इथेच घाई करतात. तियात्र या गोव्यातल्या कोकणी नाट्यप्रकारात तर प्रवेशांच्या मधे विनोदी कांतारां, म्हणजे गाणी, असतात, तिथेही शेवटच्या ओळीवरच टाळी पडते. मात्र वाक्य त्या पात्राच्या तोंडी शोभायला हवं, एवढी अट मीही घालेन.