लिनक्सवर स्क्रीन शेअर करताना आवाजही जायला हवा – सल्ला द्या

बोरू
मंडळी, उबंटू २४.०४ वापरतोय, वेलँड सेशन (स्क्रीनवर चित्र दाखवायची लिनक्सची नवी पद्धत). ऑनलाइन वर्गात व्हीएलसीवर व्हिडिओ लावून दाखवायचे असतात. चित्र व्यवस्थित जातं, आवाज मात्र अजिबात नाही. स्पीकर मोठा करून माइकने पकडला, तर समोरच्यांना डब्यातून आल्यासारखं ऐकू येतं. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

खटपट्या
आधी सोपा उपाय. क्रोम किंवा क्रोमियममध्ये पूर्ण स्क्रीनऐवजी फक्त टॅब शेअर करा आणि टॅबच्या आवाजाचं बटण चालू ठेवा. एमपीफोर फाइल टॅबमध्ये ओढून टाकली तरी चालते. फायरफॉक्समधून शेअर करताना आवाजाची सोयच नाही, त्यात वेळ घालवू नका.

बोरू
टॅबचं जमलं, आभार! पण काही फाइल्स ब्राउझर उघडतच नाही. व्हीएलसीच हवा.

निवांत
मग पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल हे ॲप टाका. रेकॉर्डिंगच्या पानावर ब्राउझरसमोर माइकऐवजी स्पीकरचा 'मॉनिटर' (स्पीकरला जाणाऱ्या आवाजाची प्रत) निवडा. झालं काम.

तारायंत्र
@निवांत, झालं कसलं? माइक गेला, म्हणजे शिकवणाऱ्याचा आवाज बंद. शिवाय स्पीकरमध्ये विद्यार्थ्यांचे आवाजही असतात, ते त्यांचे त्यांना परत ऐकू जाणार.

@बोरू, वेलँडमध्ये ब्राउझरला स्क्रीन पोर्टलमार्फत (परवानगी विचारून देणारी मधली सोय) मिळते आणि ते पोर्टल फक्त चित्र देतं. म्हणून आवाज वेगळ्या वाटेने न्यावा लागतो. तुमच्याकडे पाइपवायर हा आवाज हाताळणारा प्रोग्रॅम आहेच (उबंटूत २२.१० पासून तोच मुख्य आहे), तेव्हा क्यूपीडब्ल्यूग्राफ टाका (आवाजाच्या जोडण्या ठोकळे आणि तारांनी दाखवणारं ॲप). वर्गात जॉइन व्हा, व्हीएलसीत व्हिडिओ सुरू करा, मग दोन्हींचे ठोकळे दिसतील. आवाज चालू नसेल तर ठोकळा दिसत नाही, तिथेच लोक गडबडतात. आता व्हीएलसीच्या आउटपुटवरून तार ओढून ब्राउझरच्या इनपुटला जोडा. इनपुट मोनो असेल तर डावं-उजवं दोन्ही त्याच एका पोर्टवर. माइकची आणि हेडफोनची जुनी तार तोडू नका. दोन्ही आवाज आपोआप मिसळतात आणि तुम्हालाही ऐकू येत राहतं. नल सिंक (नुसता नावाचा, खोटा स्पीकर) वगैरे भानगडीची गरज नाही.

बोरू
जमलं की राव! बोलणं स्वच्छ जातंय. फक्त मागचं संगीत मध्येच बुडतं.

तारायंत्र
ते नॉइज सप्रेशन. त्याला संगीत म्हणजे गोंगाटच वाटतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. झूम असेल तर 'ओरिजिनल साउंड' चालू करा. मग पंख्याचा आवाजही जाईल, तेवढं चालवून घ्या. स्पीकर नको, हेडफोनच लावा.

खटपट्या
व्हीएलसी बंद करून परत उघडला की तार सुटते. क्यूपीडब्ल्यूग्राफमध्येच पॅचबे (जोडण्या लक्षात ठेवून परत जोडणारी सोय) आहे, जोडणी त्यात सेव्ह करून पॅचबे चालू ठेवा.