वाचनालयाच्या कार्यक्रमाला आलेला माणूस कपाटापर्यंत का पोचत नाही?

(एक चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कोपऱ्यातली खुर्ची

आमच्या छोट्या गावातल्या वाचनालयाच्या दारावर पुढच्या तीन महिन्यांची कार्यक्रमपत्रिका लागली आहे. उभ्या उभ्या सगळी वाचली. दर शनिवारी सकाळी मुलांसाठी गोष्टींचा तास, महिन्यातून एकदा पुस्तकगप्पा, बुद्धिबळ स्पर्धा, बियांची देवाणघेवाण, ज्येष्ठांसाठी मोबाइल शिकण्याचे चार वर्ग, रक्तदाब तपासणी, एक माहितीपट, दोन व्याख्यानं, हस्तकलेचं प्रदर्शन. सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात: बाद केलेल्या पुस्तकांची विक्री. मोजले तर २८ कार्यक्रम भरले.

कार्यक्रम होऊ नयेत असं मला अजिबात वाटत नाही. पण यातल्या बहुतेक कार्यक्रमांना आलेला माणूस पुस्तकाला हातही न लावता घरी जातो, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, हे मला खुपतं.

वाचनालयात बसायची खोली एकच, मोठी. भिंतींना कपाटं, मधे टेबलं. कार्यक्रम असला की टेबलं कडेला सरकवतात, म्हणजे थेट कपाटांना टेकवतात. मागच्या वेळी मधमाश्यांवरचा माहितीपट दाखवला. खोली भरली होती, लोक दारात उभे राहून बघत होते. संपल्यावर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी देवघेव खिडकीपाशी गेली. खिडकी बंद. तिथला माणूस पडदा सोडवत होता. तिने त्याला विचारलं, "मधमाश्यांचं पुस्तक आहे का?" आहे. मला ते कपाट माहीत आहे, वरून दुसरा खण. पण त्याच्यापुढे दोन टेबलं एकावर एक चढवून ठेवली होती. "उद्या ये" म्हणून तिला सांगितलं. उद्या ती आली की नाही, मला माहीत नाही.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं पुस्तकरूपाने मांडली. त्यातलं तिसरं सूत्र आहे, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. त्या संध्याकाळी एका ग्रंथाचा वाचक स्वतःच्या पायांनी चालत आला होता. आपण त्याला परत पाठवलं.

म्हणून माझं मत असं: ज्या कार्यक्रमाच्या विषयाची पुस्तकं टेबलावर मांडता येणार नाहीत आणि ज्याच्यानंतर अर्धा तास देवघेव चालू ठेवता येणार नाही, तो कार्यक्रम वाचनालयाने घेऊच नये. २८ चे १५ झाले तरी चालतील.

सार्वजनिक बाक

पूर्ण असहमत. त्या मुलीचं वाचून वाईट वाटलं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटला नाही.

गावात अशी कोणती जागा आहे जिथे तुम्ही आत शिरलात तर कुणी "काय हवंय?" असं विचारत नाही? दुकानात काहीतरी विकत घ्यावं लागतं. कचेरीत काम असावं लागतं. कुणाच्या घरी जायचं तर ओळख लागते. वाचनालयात यातलं काहीच लागत नाही. मोबाइलच्या वर्गाला येणारा सत्तरीचा माणूस पुस्तक न घेता घरी गेला, तर त्याचं येणं वाया गेलं का? स्वतःचा अर्ज स्वतः भरता यायला लागला, तर ते वाचता-लिहिता येण्याइतकंच मोठं आहे.

आणि हे काही आजचं खूळ नाही. अमेरिकेतले पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून १८८३ ते १९२९ या काळात अडीच हजारांहून जास्त ग्रंथालयं बांधली गेली. त्यातल्या कितीतरी छोट्या इमारतींत वर वाचनकक्ष आणि खाली तळघरात व्याख्यानासाठी दालन असायचं. म्हणजे लोकांनी एकत्र जमणं नकाशातच होतं. युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयांविषयीच्या जाहीरनाम्याच्या १९९४ च्या आवृत्तीत ग्रंथालयाच्या कामांमध्ये नाटक-संगीतासारख्या प्रयोगकलांचा लाभ लोकांना मिळवून देणं आणि मौखिक परंपरेला आधार देणंही आहे. २००० साली डेन्मार्कमधल्या रोस्किल्ड संगीत महोत्सवात 'मानवी ग्रंथालय' सुरू झालं. तिथे वाचक पुस्तकाऐवजी माणूस मागून घेतो, त्याच्याशी बोलतो. त्याला तुम्ही वाचन म्हणणार नाही का?

रंगनाथन यांचंच पाचवं सूत्र सांगतो: ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. ती फक्त कपाटांनी वाढावी असं त्यात कुठे म्हटलंय?

तिसरं टेबल

मी परीक्षेची तयारी करतो. घरात माणसं सहा, खोल्या दोन. मला वाचनालय बसायला लागतं, बाकी काही नको. पुस्तकंसुद्धा माझी मीच नेतो.

शनिवारी सकाळी गोष्टींचा तास असला की मी जिन्यात बसतो. माझ्याशेजारी एक आजोबा भिंग घेऊन वर्तमानपत्र वाचत असतात. जिन्यात उजेड कमी, म्हणून ते पान तिरकं धरतात आणि एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाताना बोट ठेवतात. तुमच्या दोघांच्या वादात आम्ही दोघं कुठेच नाही. पुस्तकासाठी कार्यक्रम असो की माणसांसाठी, आम्हाला उठावंच लागतं.

शिक्का आणि चिठ्ठी

मी अशाच एका छोट्या वाचनालयात बरीच वर्षं काम करतो आहे, म्हणून थोडं आतलं सांगतो.

कार्यक्रम एक तासाचा असतो, पण आमचा अख्खा दिवस त्यात जातो. टेबलं हलवा, खुर्च्या आणा, ध्वनिक्षेपक तपासा, पाहुण्यांना फोन करा, नंतर सगळं जागेवर लावा. त्या दिवशी नव्या पुस्तकांचं काम थांबतं. पुस्तक आलं म्हणजे कपाटात गेलं असं नसतं. दाखल नोंदवहीत नोंद, दाखल क्रमांक, विषय दाखवणारा वर्गांक, शिक्का, पाठीवर लेबल, आत तारखेची चिठ्ठी. हे झाल्याशिवाय ते वाचकाच्या हातात पडत नाही. आमच्याकडे आत्ता नव्या पुस्तकांची दोन खोकी अशी पडून आहेत, आणि बाहेर वाचक विचारतात, "नवीन काही आलं का?"

कार्नेगींचा उल्लेख झाला म्हणून सांगतो. ती देणगी इमारतीची होती. पुस्तकं, पगार, देखभाल यासाठी देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी गावाने द्यायची, ही अट होती. इमारत एकदाच उभी करायची असते, ती चालवायला रोज माणूस लागतो. २८ कार्यक्रम छापताना तो माणूस कोण, हे कुणी विचारत नाही.

पण खुर्चीताई (ताई म्हटलेलं चालेल ना?), तुमची अट मी स्वतः करून पाहिली आहे आणि ती सगळीकडे लागू पडत नाही. मोबाइलच्या वर्गाला मी संगणकाची पुस्तकं मांडली. चारही वर्गांत एकानेही उचललं नाही. उलट एक-दोघं अवघडले, आपल्याला हे सगळं वाचावं लागणार की काय म्हणून. तिसऱ्या वर्गात पडद्यावरची अक्षरं मोठी कशी करायची ते दाखवलं. एका बाईंनी केली, चष्मा काढला आणि पाहतच राहिल्या. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "पुस्तकातली अक्षरं अशी होत नाहीत ना?" मी त्यांना मोठ्या टायपातल्या पुस्तकांच्या खणाशी नेलं. सोळा पॉइंट आणि त्याहून मोठी छपाई. तो खण आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. वाचन सोडून त्यांना सहा वर्षं झाली होती. हे काही मी टेबल मांडून घडवलेलं नाही.

व्याख्यानं कमी करायला मात्र माझी हरकत नाही. मेहनत सगळ्यात जास्त, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर त्याचा काही परिणाम दिसत नाही.

चिमुकल्यांची बाई

मी बालवाडीत शिकवायचे. सगळे कार्यक्रम एका मापाने मोजू नका एवढंच सांगायला आले होते, पण गोष्टींच्या तासाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

हा कार्यक्रम फार जुना. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयात मुलांना गोष्टी सांगणं १८९९ मध्ये सुरू झालं. पण मी जिथे जिथे पाहिला तिथे आई-बाबा मुलाला आत सोडतात आणि बाहेर थांबतात. हा तास मुलांइतकाच आई-बाबांसाठी असतो. आठवड्यातली बाकीची सहा रात्री गोष्ट कोण वाचणार? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पालकांनी नुसतं वाचून न दाखवता मध्येच थांबून "हा काय करतोय?", "आता काय होईल?" असं विचारलं आणि मुलाच्या उत्तरात दोन शब्दांची भर घातली, तर मुलांचं बोलणं जोमाने वाढतं, असं त्यात दिसलं. हे पालकाने डोळ्यांनी पाहिलं तरच तो घरी करणार. बाहेर उभं राहून कसं कळेल?

अजून एक. पत्रिकेत वयोगट लिहिलेला नसेल तर दोन वर्षांचं मूल आणि दहा वर्षांचं मूल एकाच सतरंजीवर येतं. लहानग्याला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. मोठ्याला तेवढ्यात काहीच होत नाही. दोन गट करा, मधे थोडी मोकळी वेळ ठेवा, आणि त्या वेळात मुलांना कपाटाशी सोडा. पुस्तकं त्यांच्या हाताच्या उंचीवर हवीत, पाठ नाही, मुखपृष्ठ दिसेल अशी. मूल मुखपृष्ठ पाहून पुस्तक मागतं.

कोपऱ्यातली खुर्ची

ताई म्हणा, आवडेल.

मोबाइलच्या वर्गाची अट मी मागे घेते. चष्मा काढून पाहत राहिलेल्या त्या बाई डोळ्यांसमोरून हलत नाहीत. सोबत टेबल मांडलंच पाहिजे, हा माझा हट्ट होता. पण तुमच्याही सांगण्यात त्या बाईंना खणापर्यंत नेणारा माणूस त्या क्षणी मोकळा होता. आमच्याकडे तो पडदा सोडवत होता. म्हणून देवघेव खिडकी उघडी ठेवण्याच्या मुद्द्यावरून मी हटणार नाही. पडदा बांधायला आणि खुर्च्या उचलायला गावातली चार माणसं मिळतील. पुस्तक कुठल्या खणात आहे ते फक्त ग्रंथपालाला माहीत असतं. कार्यक्रमाच्या दिवशी त्याला खिडकीवरून हलवू नका.

बाक, रक्तदाब तपासणीबद्दल तुमचं काय? ती दुसरीकडे कुठेही होऊ शकते.

सार्वजनिक बाक

होऊ शकते, पण दुसरीकडे माणूस आजारी पडल्यावर जातो. इथे तो सहज आलेला असतो. मी ते काढणार नाही.

व्याख्यानांवर मात्र मी नमतं घेतो. दोन व्याख्यानांच्या जागी दुसरं काहीतरी करता येईल. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या ग्रंथालयातून अख्ख्या शहराने एकच पुस्तक वाचावं असा उपक्रम झाला आणि मग तो ठिकठिकाणी पसरला. मोठ्या शहरात ते अवघड, लहान गावात सोपं. एका पुस्तकाच्या दहा-बारा प्रती, तीन महिने, आणि शेवटी पुस्तकगप्पा त्याच पुस्तकावर. वक्ता नको, खुर्च्यांच्या रांगा नकोत, गोल बसायचं. खुर्चीताई, हे तरी तुमच्या मापात बसेल.

शिक्का आणि चिठ्ठी

एका पुस्तकाच्या बारा प्रती म्हणजे दुसरी अकरा पुस्तकं यायची राहिली. आमच्या खरेदीत ते परवडणार नाही. चार प्रती आणि वाट पाहणाऱ्यांची यादी, एवढं जमेल. खरं तर यादी लागली की लोक एकमेकांना "झालं का वाचून?" असं विचारायला लागतात, त्याचाही उपयोग होतो.

तिसरं टेबल

सगळं वाचलं. शनिवारी सकाळी मी कुठे बसू?

शिक्का आणि चिठ्ठी

याचं उत्तर दिलं पाहिजे, बरोबर आहे तुमचं. ताई, तुम्ही म्हणालात की बाद पुस्तकांची विक्री सगळ्यात शेवटी आहे. ती बाद पुस्तकं आत्ता कुठे ठेवली आहेत?

कोपऱ्यातली खुर्ची

मागच्या लहान खोलीत. जमिनीपासून छतापर्यंत गठ्ठे. दार अर्धंच उघडतं.

शिक्का आणि चिठ्ठी

मग विक्री पहिल्या आठवड्यात घ्यायला सांगा. निर्लेखनाची, म्हणजे बाद करायच्या पुस्तकांची, यादी मंजूर झालेली असेलच, नाहीतर ती पत्रिकेत आली नसती. खोली रिकामी झाली की एक लांब टेबल आत जाईल. मुलांचा आवाज थोडा येईल, पण दार लावता येईल. आजोबांना उजेडाची बाजू द्या.

तिसरं टेबल

त्या खोलीला पूर्वेकडे खिडकी आहे. गठ्ठ्यांमागे आहे म्हणून दिसत नाही. गठ्ठे हलवायला मी येतो, शनिवार सोडून कधीही.