कार्ब्ज सोडले म्हणून डायव्हर्टिक्युलायटिस गेला? काहीही!

चिडका बिब्बा

परवा या फोरमवर ‘मांसाहारी मनू’ यांनी लिहिलं: "तीन वर्षं फक्त मांस, अंडी, मीठ, पाणी. एकही फ्लेअर (दुखणं उसळणं) नाही. फायबर (चोथा) हे थोतांड आहे." झालं. खाली वीसएक जण "उद्यापासून मीही" म्हणून रांगेत उभे. तिथे उत्तर लिहायला बसले आणि ते आवरेना, म्हणून हा वेगळा धागा.

डायव्हर्टिक्युलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या भिंतीवर आलेल्या छोट्या पिशव्या सुजणं, हे दुखणं माझ्याकडे सहा वर्षं मुक्कामाला आहे. दुसऱ्या अटॅकला सीटीत गळू दिसलं. कातडीतून नळी घालून पू काढला, आणि ती नळी नऊ दिवस अंगावर वागवली. नंतर मीसुद्धा कार्निव्होर, म्हणजे मनूंसारखं फक्त मांस-अंड्यांवर राहणं, केलं. पाच महिने. काय सुंदर गेले! गॅस नाही, फुगणं नाही, डाव्या कुशीतली ती ओळखीची टोचणी नाही. चार जणींना गळ घालून त्यांनाही मांसावर आणलं. सहाव्या महिन्यात पहाटे तीनला ताप आणि कळ. त्या चौघींपैकी एकीला मी अजून तोंड दाखवत नाही.

माझं म्हणणं असं: फ्लेअरमध्ये मांस-अंड्यांनी बरं वाटतं, हे खरंच आहे. पण ते कार्ब्ज नसल्यामुळे नव्हे, चोथा नसल्यामुळे. सुजलेल्या आतड्याला ढकलायला कमी माल मिळतो, इतकंच. मैद्याचा ब्रेड आणि मऊ भातही तेच करतात, आणि ते तर नखशिखांत कार्ब्ज. म्हणजे श्रेय भलत्यालाच दिलं जातंय. आणि अटॅक सरल्यावरही तेच जन्मभर चालवायचं म्हणजे ताप उतरला तरी कपाळावरची पट्टी काढायची नाही असं झालं.

मांसाहारी मनू

आलो. माझ्यावर आख्खा धागा निघाला, धन्यवाद.

बाई, तुमचे पाच महिने, माझी तीन वर्षं. त्याआधी दोन वर्षांत चार अटॅक. प्रत्येक वेळी डिस्चार्ज कार्डावर तेच एक वाक्य: "भरपूर फायबर खा." खाल्लं. कोंडा खाल्ला, इसबगोल खाल्लं, पालेभाज्या शेरडासारख्या खाल्ल्या. पोटाचा नगारा व्हायचा.

आता तुमच्या लाडक्या फायबरची जन्मकथा. पेंटर आणि बर्किट या दोन डॉक्टरांनी १९७१ मध्ये मांडलं, की आफ्रिकेत लोक चोथा खातात म्हणून त्यांना हे होत नाही, पाश्चात्त्यांना होतं. निरीक्षण. अंदाज. त्यावर पन्नास वर्षं जगाला कोंडा चारला. मग २०१२ मध्ये पीअरी आणि मंडळींनी कोलोनोस्कोपी (नळीतल्या कॅमेऱ्याने मोठं आतडं आतून तपासणं) झालेले २,१०४ लोक तपासले. जास्त फायबरवाल्यांच्या आतड्यात पिशव्या कमी? नाही, जास्त! त्याच वर्षी ६३ बद्धकोष्ठाच्या रुग्णांचा अभ्यास आला. ज्यांनी फायबर पूर्ण थांबवलं त्यांचं पोट सुधारलं. यावर काय म्हणणं आहे?

दशांशचिन्ह

मनुराव, अर्धंच वाचलंत. २०१२ च्या अभ्यासात पिशव्या *असणं* मोजलं होतं, त्या *सुजणं* नाही. पिशव्या असलेल्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही की त्या आहेत. आपण सगळे इथे सुजलेले आहोत. त्या अभ्यासाने बर्किटच्या अंदाजाला धक्का दिला, हे मान्य. पण "फायबर सोडा, फ्लेअर थांबेल" हे त्यातून कसं निघालं?

सुजण्याचं बघायचं तर ‘गट’ (Gut) या वैद्यकीय जर्नलमधला २०१८ चा अभ्यास घ्या. ४६,४६१ पुरुष, २६ वर्षं. सर्वांत जास्त लाल मांस खाणाऱ्या गटात डायव्हर्टिक्युलायटिसचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा ५८ टक्के जास्त. आणि तो मुख्यतः प्रक्रिया न केलेल्या मांसाचा. म्हणजे सॉसेजसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसावर खापर फोडून सुटका नाही.

मांसाहारी मनू

पुन्हा निरीक्षण! मी बर्किटला निरीक्षणावरून झोडपलं तर टाळ्या नाहीत, तुमचं निरीक्षण मात्र ब्रह्मवाक्य. जो माणूस भरपूर लाल मांस खातो तो सोबत ब्रेड, तळण, बिअर सगळंच खातो. व्यायाम करत नाही. सिगरेट ओढतो.

दशांशचिन्ह

त्यांनी सिगरेट, वजन, व्यायाम, फायबर, वेदनाशामकं यांचा हिशेब करूनच आकडा काढलाय. तरी निरीक्षण ते निरीक्षणच, हे कबूल. कार्निव्होरवर मात्र दोन गट पाडून, चिठ्ठ्या टाकून कोणी हे तपासलेलंच नाही. तुमच्याकडे निरीक्षणही एकाच माणसाचं आहे, आणि तो माणूस तुम्हीच.

नर्सबाई

भांडा खुशाल, पण वाचणाऱ्यात आत्ता पोट धरून बसलेलं कोणी असेल तर आधी हे. ताप, पोट लाकडासारखं कडक, उलट्या थांबत नाहीत, शौचातून रक्त: यातलं काहीही असेल तर आहाराची चर्चा बंद, सरळ इमर्जन्सी. मांस नाही, भात नाही, आम्ही नाही.

सौम्य अटॅक असेल आणि डॉक्टरांनी घरीच थांबायला सांगितलं असेल, तर पहिले दोन-तीन दिवस नितळ पातळ पदार्थ. लो-कार्बवाले इथेच अडतात, कारण यादीत गाळलेला ज्यूस आणि जेली असते. गाळलेला ब्रॉथ घ्या, साखर नसलेलं इलेक्ट्रोलाइटचं पाणी घ्या. मग अंडं, मासा, मऊ शिजवलेलं चिकन. हे सगळं कमी चोथ्याचंच आहे, त्यामुळे या टप्प्यापुरते मनू चुकीचे नाहीत. पण मधुमेहाची औषधं चालू असतील तर हे मनाने करू नका. शुगर एकदम खाली जाऊ शकते. आणि नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेली गोळी घेत असाल तर उपास अधिक लो-कार्ब यातून रक्तात आम्ल साचून कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. वॉर्डात पाहिलंय.

दुखतं म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक ठोकू नका. या गोळ्यांचा आणि आतड्याला भोक पडण्याचा संबंध आहे. पॅरासिटामॉल.

मनू, शेवटच्या अटॅकनंतर सहा ते आठ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी केली होती का?

शेवटचा बाक

सगळं ठीक, पण बियांचं काय? मला पहिल्या अटॅकनंतर सांगितलं होतं की बिया, दाणे, पॉपकॉर्न जन्मभर बंद, कारण ते पिशवीत अडकतात. अकरा वर्षं पाळतोय. टोमॅटो गाळणीतून गाळून खातो. काकडीचा गाभा कोरतो. ब्रेडवर तीळ असले तर बोटाने खरवडतो, समोरचे लोक बघत बसतात. बायको म्हणते लग्न तुझ्याशी केलं की गाळणीशी.

चिडका बिब्बा

अहो बाक, अकरा वर्षं?! ती समजूत कधीच मोडीत निघाली. २००८ मध्ये स्ट्रेट आणि सहकाऱ्यांनी ४७,२२८ पुरुषांना १८ वर्षं पाहिलं. दाणे आणि पॉपकॉर्न आठवड्यातून दोनदा तरी खाणाऱ्यांना डायव्हर्टिक्युलायटिस जास्त नाही, उलट कमी झाला.

शेवटचा बाक

कमी?

चिडका बिब्बा

कमी.

शेवटचा बाक

मग मला अकरा वर्षांत एकाही डॉक्टरने का नाही सांगितलं? दर सहा महिन्यांनी जातो. दर वेळी विचारतात, "पथ्य पाळता ना?" आणि मी छाती काढून सांगतो, बी शिवलेली नाही. ते मान डोलवतात. मान डोलवतात!

फटकळ

बाक, घाई नको. मी एका रात्री सिनेमा बघत मोठा डबा पॉपकॉर्न खाल्ला, दुसऱ्या दिवशी अ‍ॅडमिट. अभ्यास गेला खड्ड्यात.

दशांशचिन्ह

कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

फटकळ

फांदी माझी होती! तुमच्या त्या सत्तेचाळीस हजारांत एक तरी बाई होती का? नाही. सगळे पुरुष. डॉक्टर मला पुरुषांच्या पोटावरून सांगणार आणि तुम्ही मला म्हण ऐकवणार. मला आधी चार महिने "पाळीचं दुखणं असेल" म्हणून परत पाठवत होते. सीटी काढला तेव्हा दोन ठिकाणी सूज. त्या चार महिन्यांचा कावळा कोणता?

दशांशचिन्ह

सीटीचं ऐकून वाईट वाटलं. म्हणीबद्दल माफी. पण पॉपकॉर्नबद्दल माझं मत तेच आहे.

फटकळ

माफी अर्धी मिळाली. अर्धीच स्वीकारते.

शेवटचा बाक

माझा भाऊ म्हणतो अंजीरही चालतं. अंजिरात तर नुसत्या बियाच. कोणी खाल्लंय का? सालासकट की गर?

मांसाहारी मनू

धागा माझ्यावर होता आणि आता अंजिराच्या सालावर आलाय. मी म्हणतो बिया नाहीत, साल नाही, अंजीरच नाही, प्रश्नच मिटला. मांसात बी नसते.

नर्सबाई

कोलोनोस्कोपी?

चिडका बिब्बा

मनुराव, एक विचारू? तीन वर्षांपूर्वी आहाराखेरीज आणखी काय बदललं? मघाशी सिगरेटचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून विचारते.

मांसाहारी मनू

वजन १९ किलो उतरलं. ते मांसामुळेच.

चिडका बिब्बा

आणि?

मांसाहारी मनू

सिगरेट सोडली. दिवसाला दहा होत्या. दारूही जवळपास नाही. आणि रोज पळतो. मग? हे सगळं करायची ताकद मला या आहाराने दिली. आधी सोफ्यावरून उठवत नव्हतं.

दशांशचिन्ह

वजन, धूम्रपान, बैठं आयुष्य. डायव्हर्टिक्युलायटिसशी ज्यांचा संबंध जोडला गेलाय, त्यातल्या तीन मोठ्या गोष्टी तुम्ही एका झटक्यात बदलल्या, आणि बक्षीस मटणाला दिलं.

मांसाहारी मनू

तुम्हाला कधी रात्री दोनला फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडून राहावं लागलंय का हो, दशांशचिन्ह? की नुसते पेपर वाचता? चार वेळा मला सगळ्यांनी फायबर सांगितलं, चार वेळा मी आडवा झालो. ज्या गोष्टीने उभा राहिलो ती मी एका टक्केवारीसाठी सोडणार नाही.

दशांशचिन्ह

वडील गेले. भोक पडून, पू पोटभर पसरून. तेव्हापासून वाचतो.

मांसाहारी मनू

माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो.

चिडका बिब्बा

मीही जरा मवाळ होते. मनूंचं एक खरं आहे: "भरपूर फायबर खा" एवढं बोलून घरी पाठवणं हा निव्वळ आळस आहे. अटॅकनंतर पहिल्याच आठवड्यात कोंडा खाल्ला तर नगारा होणारच. हळूहळू, आठवड्याला थोडं, आधी शिजवलेलं, मग कच्चं, पाणी वाढवत. हे मलाही कोणी सांगितलं नाही, नगारा वाजवूनच शिकले. आणि सगळ्यांना मानवेलच असंही नाही. पण दुसऱ्या टोकाला ऑक्सफर्डचा २०११ चा अभ्यासही आहे: ४७,०३३ जण, त्यात मांस न खाणाऱ्यांना या दुखण्याचा धोका ३१ टक्के कमी. लो-कार्ब करायचंच असेल तर निदान मासा आणि चिकन पुढे करा, लाल मांस मागे. त्या ‘गट’वाल्या अभ्यासातही रोजच्या एका वाढणीची अशी अदलाबदल केली तर धोका कमी दिसत होता. कार्ब्ज कमीच ठेवून भाजी खाता येते की. लो-कार्ब म्हणजे शून्य पान नव्हे.

मांसाहारी मनू

मासा खातो आठवड्यातून दोनदा. तीनदा करीन. तुमच्यासाठी नाही, मला आवडतो म्हणून. पानाला हात लावणार नाही.

फटकळ

पाहा, गडी हलला! तीन वर्षांतून एक मासा.

शेवटचा बाक

आज सबंध टोमॅटो खाल्ला. बियांसकट. दोन तास झाले. काही नाही. बायकोने गाळणी माळ्यावर टाकली, मी म्हटलं अजून आठवडाभर खाली ठेव.

नर्सबाई

मनू, तिसऱ्यांदा विचारतेय. चौथ्या अटॅकनंतर सीटी झाला, बरं वाटलं आणि तुम्ही मांसाकडे वळलात. आतून कोणी पाहिलं का? सीटीवर सूज आणि गाठ कधी कधी सारखीच दिसते, म्हणून सूज उतरल्यावर बघतात. "तीन वर्षं त्रास नाही" हे त्याचं उत्तर नाही.

मांसाहारी मनू

नाही केली. भीती वाटते, झालं समाधान?

नर्सबाई

झोपेचं इंजेक्शन देतात. आदल्या दिवशीची तयारीच काय ती वाईट. करा.

मांसाहारी मनू

फोन केला. पुढच्या महिन्याची तारीख मिळाली. तयारीचा कागदही पाठवलाय त्यांनी. सर्वांनी नोंद घ्यावी: तीन दिवस आधीपासून भाज्या, फळं, दाणे, कोंडा बंद. चिकन, मासे, अंडी चालतील. लेखी आहे.

चिडका बिब्बा

पुढची ओळ वाचा. पांढरा ब्रेड आणि भातही चालतील.

मांसाहारी मनू

वाचली. खाणार नाही.