प्रवासाले ई-रीडर घ्यावं का? "शहरी चोचले" म्हणणाऱ्यांसाठी

पुसदकर_भाऊ
काल एकानं पोस्ट टाकली का हातात मोबाईल असताना दहा-पंधरा हजाराचं किंडल (ॲमेझॉनचं पुस्तकं वाचाचं मशीन, म्हणजे ई-रीडर) घेणं म्हणजे खेड्यातल्या माणसानं केलेले शहरी चोचले. डोकंच फिरलं म्हणून लिहून राहिलो. बापा, मे महिन्यात पुसद-नागपूर एसटीत खिडकीपाशी बसून मोबाईलवर वाचून दाखव एकदा. ऊन पडलं का स्क्रीनमध्ये आपलंच थोबाड दिसते, थोड्या वेळात फोन हातात धरवत नाही आन् ब्राइटनेस आपोआप खाली जाते. किंडलच्या ई-इंक पडद्यावर, जो कागदासारखा दिसते, जितकं ऊन तितकं अक्षर साफ, कारण बाहेरच्या उजेडावरच ते वाचाचं असते. करंट लागते तो मुख्यतः पान पलटताना, त्यामुळं वायफाय बंद ठेवलं तर आठवडे-आठवडे चार्जर लागत नाही. आमच्याकडं लाइन कधी जाईल त्याचा नेम नाही. आन् वाचता वाचता व्हॉट्सॲपची टुणटुण नाही हे वेगळंच.

आर्वीचे_मास्तर
घ्या ना, कोण अडवते. फक्त ते पुस्तक तुमचं नसते, वाचाच्या परवानगीचे पैसे भरता तुम्ही. 2009 मध्ये ॲमेझॉननं लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं त्यांच्या किंडलमधून परस्पर उडवली होती, पैसे परत केले तो भाग वेगळा. 2025 च्या फेब्रुवारीत फाइल कम्प्युटरवर उतरवून ठेवाची सोयही बंद केली. माझ्याकडं वडिलांच्या वेळची पुस्तकं आहेत, वाळवी सोडली तर कोणी न्यायले आलं नाही. गावात वाचनालय आहे, तिथली दोन पुस्तकं पिशवीत टाका, झालं.

आयटीवाला_नागपूर
सर, वाळवी पण परस्परच नेते, पैसे परत न करता 😀
पुसदकर भाऊ, खरी अडचण कोणी सांगत नाही. किंडलवर मराठी पुस्तकं 2016 च्या डिसेंबरपासून मिळतात, पण जुनं काही शोधाल तर हात हलवत परत याल. राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाची फुकट पुस्तकं आहेत, पण ती पीडीएफ. सहा इंची पडद्यावर अक्षर मुंगीएवढं, मोठं करा तर ओळ अर्धी बाहेर, सरकवा, पडदा काळापांढरा लखलखते, परत सरकवा. ईपब फाइल असेल, म्हणजे अक्षर मोठं केलं का ओळी आपोआप पडद्यात बसतात अशी, तर काही त्रास नाही. आधी तुम्हाले वाचाचं काय ते ठरवा, मग मशीन.

संत्रावाली_ताई
मास्तर, कोणतं वाचनालय? आमच्या गावातल्या वाचनालयाचं फक्त बोर्ड पाहिलं मी. संध्याकाळी उघडते म्हणे, तेव्हा आम्ही चुलीपाशी. एकदा गेली तर चार म्हातारे पेपर वाचून राहिले होते, सगळे माझ्याकडं असे पाहाले लागले का मी पंगतीत चपला घालून शिरली. कपाटाले कुलूप, किल्ली अध्यक्षाच्या घरी. लेकीच्या जुन्या किंडलवर मी दुपारी वाचतो, कोणाची परवानगी नाही लागत.

ग्रंथपाल_ड_वर्ग
ताई, कुलुपाची गोष्ट सगळे सांगतात, पगाराची कोणी नाही. 1967 चा ग्रंथालय कायदा, वाचनालयांचे अ ब क ड वर्ग, आम्ही सगळ्यात खाली. अनुदान येईल तेव्हा येते, त्यात भाडं, वीज, पेपरचं बिल, आन् उरलं त्यात माझं मानधन. मी सकाळी दुसऱ्याच्या वावरात जातो मग संध्याकाळी दार उघडतो. किल्ली अध्यक्षाकडं कायले असते माहीत आहे का? पुस्तकं नेऊन लोकं परत देत नाहीत म्हणून.

संत्रावाली_ताई
म्हणजे चोर आम्हीच. वा. बायांसाठी दुपारी एक तास उघडाले कोणत्या वर्गाचं अनुदान लागते ते सांगा.

कास्तकार_दिग्रस
कापसाले भाव नाही, बोंडअळीनं खाल्लं, आन् इथं पंधरा हजाराच्या पाटीवर भांडण. तेवढ्यात माझी एक फवारणी निघते.

पुसदकर_भाऊ
दादा, मी पण कास्तकारच आहो. चाळीस हजाराचा मोबाईल घेतला तर कोणी फवारणी मोजत नाही, पुस्तकाचं नाव काढलं का लगेच कापूस आठवते. शेतकऱ्यानं वाचूच नाही का?

कास्तकार_दिग्रस
वाच बापा, वाच. हप्त्यावर नको घेऊ एवढंच.

आर्वीचे_मास्तर
बरं, उन्हाचा मुद्दा मान्य, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मोबाईलवर मलेही होत नाही. अक्षर मोठं करता येते म्हणता तर एकदा पाहीन, विकत घेणार नाही. ताईंचा दुपारचा तास मात्र व्हाले पायजे, ग्रंथपालांनी त्याचं उत्तर टाळलं आहे.

ग्रंथपाल_ड_वर्ग
टाळलं नाही. मंगळवारी दोन ते तीन उघडतो, अध्यक्षाशी मी बोलतो. पण ताई, तुम्ही आमच्याच गावच्या असाल तर तुमच्या सासऱ्यांच्या नावावर तीन पुस्तकं बाकी आहेत, येताना घेऊन या.