तक्रारीत 'ब्राइब्ड' लिहू काय?

खानापूरकर: वारसा नोंदीसाठी एका कचेरीत आप्पांनी परवा अडीच हजार लाच दिली. फाईल हलेनाच, करणार काय! आता लोकायुक्तांकडे इंग्रजीत तक्रार लिहूलालो. 'माय फादर ब्राइब्ड टू क्लार्क' बरोबर काय? भाऊ म्हणतोय 'वॉज ब्राइब्ड' लिही.

टिळकवाडीची बाई: मधला 'टू' काढ. 'ब्राइब्ड द क्लार्क', झालं. स्पेलिंगात शेवटी ई आहेच, नुसता डी लागतो. आणि भावाला सांग, 'फादर वॉज ब्राइब्ड' म्हणजे पैसे आप्पांनीच खाल्ले!

वकिलाचा कारकून: व्याकरण ठीक आहे, पण ते वाक्य लिहू नकोस रे बाबा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 1988 चा, त्यात 2018 साली दुरुस्ती झाली. कलम 8 प्रमाणे देणाराही गुन्हेगार. जबरदस्तीनं द्यावे लागले असतील आणि दिल्यापासून 7 दिवसांत कळवलंत, तरच सूट. म्हणून खरं घडलं तेच लिही: 'द क्लार्क डिमांडेड मनी. माय फादर वॉज कम्पेल्ड टू पे.' तारीख घाल. सही आप्पांची. आणखी मागूलालाय काय तो? मग देण्याआधी कळवा. लोकायुक्तांचे पोलीस नोटांना पावडर लावून देतात, घेणाऱ्याचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी, म्हणजे पैसे घेतल्याचा पुरावा.

खानापूरकर: मागूलालाय की, सोमवारी या म्हणालाय. आप्पा 'नको ती भानगड' म्हणतात, पण उद्याच त्यांना घेऊन बेळगावला जातो.