विषय: ऑनलाइन वर्गात मुलांची वही दिसत नाही

प्रेषक: छोट्या गटातली एक पालक

नमस्कार मंडळी,

मराठी शाळेचा ऑनलाइन वर्ग पुढच्या सत्रात चालू ठेवायचा का, यावर कार्यकारिणीने मतं मागवली आहेत, म्हणून लिहिते आहे.

मुलगा दर शनिवारी वेळेवर लॅपटॉपसमोर बसतो. कॅमेरा चालू असतो, ताईंनी हाक मारली की "हो ताई" म्हणतो, समजलं का विचारलं की मान डोलावतो. तास संपल्यावर वही उघडून बघावी तर दोन ओळी. गेल्या आठवड्यात रफार शिकवून झाला. संध्याकाळी मी सहज "सूर्य" लिहायला सांगितलं, तर त्याने रफार "सू"च्या डोक्यावर दिला आणि बरोबर आहे ना, म्हणून माझ्याकडे बघितलं.

ताई मनापासून शिकवतात, त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मला एवढंच विचारायचंय, की समोरासमोरच्या वर्गात जेवढं शिकून होतं तेवढं असं शिकवून खरंच होऊ शकतं का? शिकवणाऱ्यांनी मोकळेपणाने सांगावं.

* * *

प्रेषक: मोठ्या गटाची शिक्षिका

तुमचं पत्र दोनदा वाचलं. "सू"वरचा रफार वाचून वाटलं, हे ताईंना तासातच दिसायला हवं होतं. वर्ग समोर असता तर दिसलंही असतं.

समोरच्या वर्गात आम्ही फळ्यापाशी असतो त्याहून जास्त वेळ बाकांमधून फिरत असतो. कुणाची पेन्सिल थांबली, कोण खोडून खोडून कागद फाडतंय, कोण शेजारच्याचं बघून उतरवतंय, हे चालता चालता नजरेला पडतं आणि पुढचं वाक्य आपण त्यावरून ठरवतो. ऑनलाइन वर्गात हे फिरणंच बंद होतं. मुलांचे चेहरे दिसतात, आणि चेहऱ्यावरून काहीच कळत नाही. न समजलेलं मूलसुद्धा मान डोलावतं, कारण त्याला वाटतं आपल्याला समजलंय.

म्हणून मी गेल्या वर्षापासून कॅमेरा वहीकडे वळवला. घरात दुसरा मोबाईल असेल तर तो पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवायचा, कॅमेऱ्याकडची बाजू काठाबाहेर काढायची आणि मोबाईल घसरू नये म्हणून वर आणखी एक जाड पुस्तक ठेवायचं. खाली वही. त्या मोबाईलवरून वर्गात यायचं ते आवाज न जोडता, नाहीतर दोन यंत्रांचे आवाज एकमेकांत शिरून कान किटतात. पुढचा कॅमेरा वापरू नका, मागचाच वापरा. पुढच्या कॅमेऱ्यात मुलाला स्वतःचं अक्षर आरशासारखं उलटं दिसतं आणि ते गोंधळतं. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा दिवा डावीकडे ठेवा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. एकदा सगळं बसायला दहा मिनिटं जातात, पण त्यानंतर माझ्या पडद्यावर आठ हात लिहिताना दिसतात. चुकीचं अक्षर पूर्ण व्हायच्या आत मी थांबवू शकते. भरलेल्या वर्गात मला एका वेळी आठ वह्या कधीच दिसल्या नव्हत्या.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. ऑनलाइन वर्गात प्रश्न विचारला की तीच तीन मुलं बोलतात आणि बाकीची सुटतात. मी सांगते, उत्तर चॅटमध्ये लिहा, पण पाठवू नका. मी तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम पाठवायचं. एका क्षणात सगळी उत्तरं येऊन पडतात, कुणी कुणाचं बघून लिहिलेलं नसतं. आणि थांबायला शिकावं लागतं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम १ सेकंद थांबतात असं दिसलं. ते ३ सेकंद थांबायला लागले की मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. ऑनलाइनमध्ये आवाज पोचायला वेळ लागतो, शिवाय माइक चालू करण्यात क्षण जातो, तेव्हा ३ सेकंदही पुरत नाहीत. मी मनात दहापर्यंत मोजते. सुरुवातीला ती शांतता फार जड जाते.

तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी. तासाची पहिली पाच मिनिटं वह्या बंद ठेवून मागच्या तासाचं आठवून लिहायचं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला उतारा चार सत्रांत वाचायला दिला. दुसऱ्याला एका सत्रात वाचायला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहायला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आपला वर्ग आठवड्यातून एकदाच भरतो, म्हणजे हा आकडा अगदी आपल्यासाठीच आहे.

पडद्यावर मजकूर टाकून तोच वाचून दाखवणं मात्र बंद करा, ही सगळ्या शिक्षकांना विनंती.

* * *

प्रेषक: निवृत्त शिक्षक, सल्लागार समिती

ताई, तुमचं म्हणणं पटलं, तरी दोन शंका आहेत.

एक म्हणजे मुलं शिक्षकापेक्षा शेजारच्याकडून जास्त शिकतात. शेजारी कुजबुजत सांगतो तेव्हा ते पटकन उमगतं, कारण त्याला स्वतःलाच ते आत्ता कुठे समजलेलं असतं. मी आयुष्यभर वर्गातली ती कुजबुज मुद्दाम ऐकत आलो. ऑनलाइन वर्गात सगळ्यांचे माइक बंद करून आपण ती पार घालवली आहे.

दुसरं, सगळ्यांकडे दुसरा मोबाईल नसतो. आणि तासभर कॅमेऱ्यात चेहरा धरून बसायचं, हे लहान मुलांना शिक्षा वाटते. माझी नात तास संपल्यावर डोळे चोळत उठते. काही घरांत तर आई-बाबा बाजूला बसून उत्तरं सांगतात, तेही आपल्याला दिसत नाही.

* * *

प्रेषक: मोठ्या गटाची शिक्षिका

सर, कुजबुजीचं तुम्ही अगदी बरोबर बोललात. मी ऑनलाइन वर्गातच तीन-तीन मुलांच्या वेगळ्या खोल्या करते, पण नुसतं "बोला आपसात" म्हणून पाठवलं तर तिघंही एकमेकांकडे बघत बसतात. म्हणून प्रत्येक खोलीला सगळ्यांनी मिळून लिहायचं एकच सामायिक पान आणि एकच काम देते: या पाच वाक्यांतली दोन चुकीची आहेत, ती शोधून कारण लिहा. ती सगळी पानं मी एकाच वेळी उघडून बसते. कुठल्या पानावर शब्द उमटत नाहीयेत ते लगेच कळतं आणि मी त्याच खोलीत जाते. सहा मिनिटांत परत बोलावते. जास्त वेळ दिला तर गप्पा भरकटतात.

एकच मोबाईल असलेल्यांसाठी आता असं करतो: पहिली पाच मिनिटं चेहरे, म्हणजे भेटणं-बोलणं होतं. लिहायला लागलो की तोच मोबाईल वहीवर वळवायचा, ताईंचा आवाज येतोच. शेवटी परत चेहरे. नातीच्या थकव्यावरही हाच उपाय लागू पडेल असं मला वाटतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली: सतत जवळून रोखलेल्या नजरा, सारखं स्वतःलाच बघत राहणं, एका जागी खिळून बसणं आणि हावभाव समजून घ्यायला पडणारे जास्तीचे कष्ट. वहीवर कॅमेरा असला की पहिली दोन बरीचशी आपोआप टळतात. चेहरा दाखवतानाही स्वतःचं चित्र लपवण्याची सोय आहे, ती मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावी. आणि मधे एकदा सगळ्यांना उठवून घरातली "र"ने सुरू होणारी वस्तू शोधून आणायला लावावी.

आई-बाबांना मी रागावत नाही. त्यांना एक काम देते: मूल कुठे अडलं ते कागदावर टिपून ठेवा आणि तासानंतर मला कळवा. लिहायचं काम हाती असलं की उत्तर सांगायचा मोह आवरतो, आणि मला हवी ती माहिती मिळते.

एका गोष्टीला माझ्याकडे खरंच उत्तर नाही. वर्ग सुटल्यावर दप्तर भरता भरता एखादं मूल जवळ येऊन हळूच विचारतं, ते इथे होत नाही. मी तासाआधी दहा मिनिटं खोली उघडी ठेवते आणि संपल्यावर दहा मिनिटं थांबते. कधी कुणी येतं, कधी नाही.

* * *

प्रेषक: छोट्या गटाची शिक्षिका

मंडळी, उशिरा लिहिते आहे, कारण आधी करून बघायचं होतं.

काल सहा मुलांनी वह्यांवर कॅमेरे लावले. प्रवेशाची विनंती आली की आत घ्यायचं, कुणाचा आवाज गेला ते बघायचं, हे सगळं एका स्वयंसेवक दादांनी सांभाळलं, म्हणून मला फक्त वह्यांकडे बघता आलं. यापुढे प्रत्येक वर्गाला असा एक मदतनीस द्यावा, ही कार्यकारिणीला विनंती.

"सूर्य" परत घेतला. पालकताई, तुमच्या मुलाचा हात मला पहिल्यांदाच दिसला. त्याने "सू" लिहिला, "र्" असं पुटपुटला आणि पेन्सिल सरळ "सू"च्या डोक्यावर नेली. तो कानाला ऐकू येतं त्या क्रमाने लिहितोय! र आधी ऐकू येतो म्हणून तो आधी काढायला जातो, आणि तेव्हा पानावर "य" उमटलेलाच नसतो. मी इतके दिवस "रफार पुढच्या अक्षरावर द्यायचा" एवढंच सांगत होते. काल म्हटलं, थांब, र मनात धर, आधी "य" लिही, मग धरलेला र त्याच्या डोक्यावर ठेव. त्याने तसंच केलं आणि न सांगता खाली "पर्वत" लिहिला. बाकीच्यांपैकी आणखी दोघांचा हात तिथेच अडखळत होता.

पुढच्या शनिवारी "वर्ष", "मार्ग" आणि "कार्य" घेते आहे. ज्यांचे मोबाईल काल घसरत होते त्यांनी वर ठेवायला आणखी एक जाड पुस्तक काढून ठेवा. खोली दहा मिनिटं आधी उघडेन.