भाड्याने द्यायचा फ्लॅट पती-पत्नीच्या नावे घेताना हिस्से कसे ठरवावेत?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाजवळ भाड्याने देण्यासाठी आम्ही ४० लाखांचा फ्लॅट घेत आहोत. भाडे महिना १६ हजार येईल आणि घरपट्टी वर्षाला १२ हजार भरावी लागेल. यजमानांचे करपात्र उत्पन्न २२ लाख आहे, माझे शिकवण्यांचे ३ लाख आहे आणि दोघेही नव्या करप्रणालीत आहोत. कर्ज काढणार नाही. १६ लाख माझे आहेत, त्यांत माझ्या वडिलांनी दिलेली रक्कम आणि माझी बचत आहे. उरलेले २४ लाख यजमान देतील. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावे केला की भाड्यावर कर लागत नाही, असे नातेवाईक सांगतात. ते कायद्याला धरून आहे का?

उत्तर (कर सल्लागार, मिरज)

नाही, ताई. दस्तावर कोणाचे नाव आहे यापेक्षा पैसा कोणाचा आहे, हे आयकर कायदा पाहतो. पतीने पत्नीला दिलेल्या रकमेवर पत्नीला कर नसतो, पण त्या रकमेतून घेतलेल्या मालमत्तेचे उत्पन्न १९६१ च्या कायद्याच्या कलम ६४ नुसार पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व तेच राहिले.

आपला हिशेब असा आहे. वर्षाचे भाडे १,९२,०००. त्यातून भरलेली घरपट्टी वजा केली की १,८०,००० राहतात आणि त्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळून करपात्र रक्कम १,२६,००० होते. ती सगळी यजमानांच्या उत्पन्नात धरली, तर २५ टक्के दराने उपकरासह ३२,७६० रुपये कर पडतो. आपला वाटा ४० टक्के असल्याने त्यातले ५०,४०० रुपये आपले ठरतात आणि आपले एकूण उत्पन्न ४ लाखांच्या आतच राहत असल्यामुळे त्यांवर कर लागत नाही. दरवर्षी १३,१०४ रुपये वाचतील, आणि ही बचत निर्धोक आहे.

संयुक्त खरेदी केल्यास खरेदीखतात ४० आणि ६० टक्के हे हिस्से स्पष्ट लिहून घ्यावेत आणि प्रत्येकाने आपली रक्कम आपल्याच बँक खात्यातून विक्रेत्याला द्यावी. हिस्से लिहिलेले नसतील आणि कोणी किती पैसे घातले याचा पुरावाही नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ४५ दोघांना समान मालक मानते.

उत्तर (सातारा)

मुद्रांक शुल्काचाही विचार व्हावा, असे मला मनापासून वाटते. महाराष्ट्रात निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास शुल्कात १ टक्का सवलत मिळते. पतीचे नाव जोडले की ती जाते. ४० लाखांवर ही रक्कम ४० हजार होते.

प्रश्नकर्ती

मग फ्लॅट माझ्या एकटीच्या नावे घेऊन यजमानांकडून २४ लाख रीतसर कर्ज म्हणून घेतले, तर चालेल का?

उत्तर (कर सल्लागार, मिरज)

चालेल, पण फायदा होणार नाही. कर्ज खरे असेल तर व्याज द्यावे लागेल, आणि ७ टक्के धरले तरी वर्षाचे १,६८,००० रुपये यजमानांच्या उत्पन्नात येतील, जे भाड्याच्या करपात्र रकमेपेक्षाही जास्त आहेत.

त्यापेक्षा साताऱ्याच्या ताईंनी सुचवलेला मार्ग मला अधिक पटतो. आपण एकट्या मालक व्हा, मुद्रांक शुल्काची सवलत घ्या, आणि यजमानांनी आपल्या ६० टक्के पैशांवरचे भाडे दरवर्षी स्वतःच्या विवरणपत्रात दाखवावे. आपले ४० टक्के आपलेच राहतात, त्यामुळे आयकर संयुक्त खरेदीइतकाच पडतो. मात्र कायदेशीर मालकी पूर्णपणे आपली होईल, हे यजमानांना मनापासून मान्य असले पाहिजे. पुढे फ्लॅट विकल्यास त्यांच्या पैशांवरचा भांडवली नफाही त्यांच्याच उत्पन्नात मिळवला जाईल.

भाडे पूर्णपणे आपल्या खात्यात जमा करून गुंतवत जावे. यजमानांच्या उत्पन्नात एकदा धरलेल्या भाड्याच्या गुंतवणुकीवर पुढे मिळणारे व्याज मात्र आपलेच उत्पन्न मानले जाते.